चर्चच्या दारातले बारा कोट

रविवार, ३ फेब्रुवारी

आज उपासनेत माझ्या पुढच्या बाकावर दहा नंबर बसला होता. माणसाचं नाव मला माहीत नाही, कारण पूर्ण दीड तास त्याच्या पाठीवरचा तो आकडाच माझ्या डोळ्यांसमोर होता. फुटबॉलचा बनियन! देवाच्या घरात! पाळकसाहेब वर शास्त्रपाठ वाचत होते आणि मी खाली 'दहा' वाचत होते. शेजारी त्याची बायको, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली पँट घालून. गरिबाची फाटली असती तर मी गुपचूप घरी नेऊन रफू करून दिली असती. ही दुकानातूनच फाटकी घेतलेली. चाळीस वर्षं मी लोकांचं फाटलेलं शिवतेय, आणि आता लोक पैसे देऊन फाडलेलं आणतात.

येताना ह्यांच्यापाशी बोलले. आमचे हे तीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवतात, लोकांकडे पाठ करून बसतात, म्हणून ह्यांचं बरं चाललंय. म्हणतात, "दहा नंबरचा आवाज खणखणीत आहे हं. तिसरं गीत त्यानेच उचलून धरलं."

मी कपड्यांबद्दल बोलतेय आणि ह्यांचं आवाजाबद्दल. तळपायाची आग मस्तकात गेली. आई असती तर बाकावरून उठून त्या माणसाच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकून आली असती. देवाकडे जाताना कपाटातलं सगळ्यात चांगलं घालायचं, आणि चांगलं नसेल तर सगळ्यात स्वच्छ, हे तिने आम्हा दोघी बहिणींना चालता येण्याआधी शिकवलं. आता कुणाला आया नाहीत का?

बुधवार, ६ फेब्रुवारी

कमिटीपुढे बोलले. बोलले म्हणजे काय, बरसले. अर्ध्या चड्ड्या, फटफट वाजणाऱ्या चपला, उघडे खांदे, छातीवर काहीबाही छापलेले बनियन, सगळं काढलं. पाळकसाहेब तरुण आहेत, कुणाला दुखवायचं म्हटलं की आधी त्यांचंच तोंड दुखावल्यासारखं होतं. ते टेबलावर पेन फिरवत राहिले. पण सेक्रेटरींनी मला उचलून धरलं. हा माणूस मला पहिल्यापासून आवडतो. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेत, तरी बुधवारच्या बैठकीलासुद्धा टाय लावून येतात.

नऊ नियम झाले. मी सांगितले, सेक्रेटरींनी लिहिले. दाराशी लावायचे ठरले आणि दारात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. तसं ते आधीपासून माझ्याचकडे आहे. गीतांची पुस्तकं मीच वाटते.

पाळकसाहेबांचं एकच म्हणणं. "कुणाला परत पाठवायचं नाही, बाई. अंगावर घालायला काहीतरी द्यायचं आणि आत घ्यायचं." मी म्हटलं, ठीक आहे, कोट शिवते. सभागृहाचा जुना हिरवा पडदा पडून आहे, जाड आहे, अजून दहा वर्षं मरणार नाही. गुडघ्यापर्यंत लांब, पूर्ण बाह्या, पुढे पाच बटणं. एक डझन. दाराशी खुंट्यांवर टांगायचे, आत जाताना घालायचा, बाहेर पडताना परत टांगायचा. परत टांगायचा हा सातवा नियम. तो मी मुद्दाम घालायला लावला, कारण लोकांचा भरवसा नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

२४ मार्चला आईला जाऊन दहा वर्षं होतील. रविवारच येतोय. त्या दिवशीची उपासना आईच्या स्मरणार्थ करायची, असं पाळकसाहेबांनी कबूल केलं.

धाकटीला पत्र लिहिलं. सख्खी बहीण, दोन बसथांब्यांवर राहते, आणि दहा वर्षांत आमच्यात दहा वाक्यं झाली नसतील. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारातून तणतणत निघून गेली ती गेलीच. तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही. हट्टी पहिल्यापासूनच. सात वर्षांची असताना परसातल्या भिंतीवर चढू नको म्हणून मी घसा फोडून ओरडत होते, तरी चढली. स्टूल मीच धरलं होतं, पण किती वेळ धरणार? पडली, खांद्याचं हाड मोडलं, मार मात्र मला बसला. नंतर जन्मभर आई तिचे कपडे बेतताना मला जवळ बोलवायची. बघ गं, डावा खांदा अर्धा इंच उतरवायचा. माझ्या फ्रॉकला कधी कुणी इतकं डोकं लावलं नाही.

पण ती यायला हवी. आईच्या उपासनेला पहिल्या बाकावर मी एकटी बसले तर ते बरं दिसणार नाही. बरं दिसण्याचा प्रश्न नाही, मला ती तिथे हवी आहे. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

पत्रात चांगल्या शब्दांत बोलावलं. सोबत नऊ नियमांची एक प्रत ठेवली, म्हणजे तिचा घोटाळा व्हायला नको.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

कापायला घेतलं. पुढच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर पडदा पसरला तर दोन्ही बाजूंनी जमिनीवर आला. हे बाजूला खुर्ची घेऊन बसले आणि गुणगुणत राहिले.

म्हणाले, "माप कुणाचं घेणार?"

"कुणाचंच नाही. मधल्या बांध्याचं कोणीतरी डोळ्यांसमोर आणायचं आणि कात्री चालवायची."

हे मला नवीन नाही. टेप गिऱ्हाइकासाठी असते, मी डोळ्यांनी कापते. अख्ख्या गल्लीत हे फक्त मलाच जमतं. पडदा चार पदरी घातला आणि खडू न उचलता आखत गेले. हात आपोआप चालला. इतकं बिनचूक आखणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

धाकटीचं उत्तर आलं. माझ्याच पत्राच्या पाठीवर! साधा कोरा कागद घेण्याइतकीही माझी किंमत नाही. तीन ओळी आहेत. "ताई, नियम वाचले. मी त्यांत बसत नाही. उपासना छान होऊ दे."

बसत नाही म्हणजे काय? तिला काय अर्ध्या चड्डीत यायचंय? कपाटात एक धड फ्रॉक नसेल? असेल. आहे. निळा. मला माहीत आहे. यायचं नाही म्हणून सबब हवी, दुसरं काय. मी प्रेमाने बोलावते आणि ही असं तोंडावर मारते. दिवसभर मशीन इतकं रागाने चालवलं की दोन सुया मोडल्या.

ह्यांनी पत्र वाचलं. मग विचारलं, "नियमांची प्रत पण घातली होतीस?"

"मग? घालायला नको?"

चष्मा पुसत बसले. ह्यांना काही बोलायचं नसलं की चष्मा घाण होतो.

रविवार, १७ फेब्रुवारी

कोट टांगले. बाराच्या बारा, हिरवेगार, दुहेरी शिलाईचे, आतून अस्तर लावलेले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे तर माझ्या झग्यापेक्षा चांगले झालेत." खरं आहे ते.

दहा नंबर आला. मी काही न बोलता नियमांकडे बोट दाखवलं आणि कोट पुढे केला. मला वाटलं, भांडेल. तयारीत होते. तर तो हसला, "अरे वा," म्हणाला आणि घालून आत गेला. बायकोनेही घातला. अजून एकीने घातला. तीन कोट गेले. मी जिंकले, पण भांडायला मिळालं नाही त्यामुळे जिंकल्यासारखं वाटलं नाही.

जाताना दहा नंबर म्हणतो, "बाही दोन बोटं लांब पडते हो. आणि हा डावा खांदा जरा खाली घसरतो."

मी म्हटलं, ताठ बसत जा, मग घसरणार नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

सहा कोट गेले. त्यातला एक रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने घेतला, पाळी संपवून थेट आला होता, शर्टावर कसलेसे डाग. मी विचारलं नाही कसले. तोही तेच. बाही लांब, डावा खांदा उतरतो. मग दहा नंबरच्या बायकोनेही तेच सांगितलं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. फुकटचा कोट, त्यावर अस्तर, आणि वर ह्यांच्या तक्रारी. घरी येऊन म्हटलं, हल्ली लोकांचे खांदेच वाकडे असतात, दिवसभर त्या फोनमध्ये मान घालून बसतात.

हे म्हणाले, "सगळ्यांचे डावेच?"

गुरुवार, २८ फेब्रुवारी

बटणं आणायला गेले होते. येताना बस डेपोवरून आले. जवळचा रस्ता नाही तो, पण आले.

धाकटी धुलाईच्या चौथऱ्यावर होती. निळा ओव्हरऑल, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात लांब दांड्याचा ब्रश. बसच्या वरच्या काचेपर्यंत तिचा हात स्टुलाशिवाय पोचतो. बाकीच्या बायका स्टूल घेतात. पाणी मारलं की बस आरशासारखी लखलखते, मग ती दोन पावलं मागे येऊन बघते, एखादा डाग राहिला असला तर परत जाते. अगदी आईसारखी बघते, मान कलती करून. केस पिकलेत.

मी फाटकाशी थोडा वेळ उभी राहिले. तिने बघितलं का माहीत नाही.

अंत्यविधीलाही ती याच अवतारात आली होती. हाच ओव्हरऑल, हेच बूट, केसांत साबणाचा फेस. दारात मी होते. मी एवढंच म्हटलं, "घरी जाऊन कपडे बदलून ये, वेळ आहे." यात काय वावगं बोलले? सगळं गाव बघत होतं. आईची उपासना होती, बसचा नळ नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर आम्हाला इस्त्रीच्या घडीत ठेवलं, तिच्यासमोर असं यायचं? मी आजही तेच म्हणेन.

म्हणेन का, असं ह्यांनी विचारलं. मी उठून चुलीकडे गेले, भाजी करपत होती.

रविवार, ३ मार्च

बाराही कोट गेले! आणि कुणाच्या अंगावर? ज्यांना मी आयुष्यात कधी आत पाहिलेलं नाही त्यांच्या. एक पाववाला, पिठाने पांढरा. दोन सफाईवाल्या. एक रंगारी, ज्याच्या पँटवर इतके रंग की मूळ रंग कुठला ते त्यालाही आठवत नसेल. सगळे कामावरून आलेले किंवा कामावर जाणारे. सरळ येऊन हात पुढे. "कोट द्या, बाई." जसा काही माझा कोट म्हणजे सार्वजनिक छत्री. मी शिस्त लावायला कोट शिवले आणि हे कोट आहे म्हणून बेशिस्त येतात!

उपासना संपल्यावर रंगाऱ्याला गाठलं. म्हटलं, रविवारच्या दिवशी तरी धुतलेलं घालावं माणसाने.

तो म्हणाला, "धुतलेलंच आहे, बाई. रंग जात नाही. रविवारीसुद्धा काम लागतं, मधल्या वेळात येतो."

"येतो? मी तर तुम्हाला आजच बघतेय."

"त्या खिडकीखाली उभा असायचो. सहा वर्षं झाली. गीतं पाठ आहेत सगळी. आता कोट आहे म्हटल्यावर आत आलो. वरून सगळे सारखेच दिसतात."

मला इतका संताप आला! सहा वर्षं! ऊन नाही, थंडी नाही, माणूस खिडकीखाली उभा, आणि आत आमचे अर्धे बाक रिकामे. म्हटलं, "अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?"

"कुणाला सांगणार? दारात तुम्हीच असायच्या."

अगदी साधेपणाने म्हणाला, चेष्टा नाही की राग नाही. कोट खुंटीवर टांगला, बाही सरळ केली आणि गेला. त्याने बाकाला रंग लावला असेल म्हणून मी जाऊन बघितलं. लावला नव्हता.

बुधवार, ६ मार्च

सेक्रेटरीचं नाव काढू नका माझ्यापुढे.

बैठक सुरू झाली तशी गृहस्थ टाय सारखा करत म्हणाले, "कोट घातलेल्यांना मागच्या तीन बाकांवर बसवावं. पुढे अशी हिरवी रांग बरी दिसत नाही. शिवाय कोट ही एक प्रकारे शिक्षा आहे, ती शिक्षा वाटली पाहिजे."

शिक्षा! मी पाच दिवस पाठ मोडून शिवलेले, अस्तर लावलेले कोट, आणि शिक्षा! माझ्या हातची शिवण मागच्या बाकावर? मी म्हटलं, "चाळीस वर्षांत माझा एक कपडा कुणी मागे लपवलेला नाही." ते म्हणाले, "बाई, कोटाचं नव्हे, माणसांचं म्हणतोय मी." मी म्हटलं, "माणसांचं म्हणत असाल तर मग आणखीच वाईट." ते म्हणाले, "अहो, पण ही सगळी कल्पना तुमचीच ना? नियम तुम्हीच सांगितले. मी फक्त लिहिले."

पाळकसाहेबांचं पेन थांबलं होतं. शेवटी मीच उठले आणि सांगितलं, येत्या रविवारी मी कोट घालून पहिल्या बाकावर बसणार आहे, मला उचलून मागे न्यायचं असेल तर चार माणसं आणा.

रविवार, १० मार्च

बसले. माझा सगळ्यात चांगला करडा फ्रॉक, त्यावर हिरवा कोट. एका बाजूला रंगारी, एका बाजूला सफाईवाली. मागे दहा नंबर, त्याने तिसरं गीत असं उचललं की छत हललं. सेक्रेटरी तोंड पाडून बसले होते. त्यांचा टाय वाकडा होता, आणि मी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र खरी निघाली. बाही दोन बोटं लांब आहे. डावा खांदा उतरलाय. घरी येऊन टेप लावली, अर्धा इंच. मग दुसरा कोट, मग तिसरा. बाराही तसेच. माझी अशी चूक कधी झाली नव्हती. वय झालं, डोळे गेले, कात्री ठेवून द्यायची वेळ आली, असं बरंच काही बोलले.

ह्यांनी कोट हातात घेऊन उजेडाकडे धरला, बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं आणि "चहा टाकतो" म्हणून आत गेले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, ह्यांनी आपण होऊन चहा टाकल्याचं मला आठवत नाही.

मंगळवार, १२ मार्च

खांदे उसवून नीट करायला बसले होते. एकही उसवला नाही.

वर मी लिहिलंय की धाकटी दारातून निघून गेली ती गेलीच. हे खोटं आहे. माझीच वही, माझंच अक्षर, आणि त्यातही खोटं. ती परत आली होती. कपडे बदलून, निळा फ्रॉक घालून, केस ओले तसेच बांधून, धावत आली होती. पण तोवर आम्ही कबरस्तानात होतो आणि पेटीवर माती पडत होती. तिने आईचं तोंड पाहिलं नाही.

आणि "वेळ आहे" हेही खोटं. पेटी अकराला बंद करायची हे मीच ठरवून दिलं होतं. दारात बोलले तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. दारातलं घड्याळ मी नुकतंच पाहिलं होतं. तिला घरी जाऊन यायला पाऊण तास लागतो, हे मला ठाऊक होतं. मी तिला अडवलं तेव्हा माझ्या डोक्यात आई नव्हतीच. माझ्या मागे उभी असलेली माणसं होती, आणि त्यांनी बघितलं तर काय म्हणतील एवढंच होतं. ती पहाटे चारपासून बसेस धूत होती, निरोप मिळाला तशी हातातला ब्रश टाकून आली होती. साबणाने निथळत होती. त्या अख्ख्या चर्चमध्ये तिच्याइतकं स्वच्छ कोण होतं?

त्या रंगाऱ्याला म्हणे कुणाला सांगायचं कळत नव्हतं.

पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं, साधे कपडे चालतील. फाडला. दुसऱ्यावर, निळा फ्रॉक घातलास तरी. फाडला. तिसऱ्यावर, दाराशी कोट आहेत. तोही फाडला. या कपड्यांनी माझ्या बोटांत घर केलंय. शेवटी लिहिलं, "आईची उपासना २४ तारखेला दहा वाजता. असशील तशी ये." नियमांची प्रत घातली नाही. पाकीट चिकटवल्यावर परत उघडून खात्री केली.

बुधवार, २० मार्च

उत्तर नाही. सेक्रेटरींचा मागच्या बाकांचा ठराव पडला. पाळकसाहेबांनी चक्क आवाज चढवला म्हणे. मला ऐकायला मिळालं नाही, मी पुस्तकांना कव्हरं घालत होते. एरवी या गोष्टीवर मी दोन पानं लिहिली असती.

शनिवार, २३ मार्च

उत्तर नाही. एवढी कसली गुर्मी? हो किंवा नाही, दोन अक्षरं लिहायला काय होतं? तिच्या जागी मी असते तर कधीच आले नसते. पण ती माझ्यासारखी नाही, म्हणून तर बोलावलं.

रविवार, २४ मार्च

पावणेदहालाच अकरा कोट संपले. बारावा मी खुंटीवरून काढून पुस्तकांच्या पेटीमागे ठेवला होता. एका बाईने मागितला तेव्हा सांगितलं, संपले, तशीच आत जा. ती तशीच गेली. काही झालं नाही. छत पडलं नाही.

दहा वाजले. ह्यांनी ऑर्गन सुरू केला. पाळकसाहेबांनी आतून बघितलं, मी मानेने सांगितलं, थांबते. पहिलं गीत झालं. मी दार लोटायला गेले आणि फाटकातून धाकटी येताना दिसली.

ओव्हरऑल. गमबूट. केसांत फेस. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होती, पायरीवर पाण्याची ओळ. ती मुद्दाम तशी आली होती की पाळी संपल्यावर कपडे बदलायला वेळच मिळाला नाही, हे मी विचारलं नाही. दारात येऊन थांबली. दहा वर्षांपूर्वी थांबली होती, बरोबर तिथेच. तिने माझ्या मागच्या घड्याळाकडे बघितलं.

"ताई, बदलून येऊ का? आज आहे वेळ?"

आवाजात काही नव्हतं. विचारतात तसं विचारलं. 

"तेव्हाही नव्हता," मी म्हटलं. "सात मिनिटं होती. मला ठाऊक होतं."

"तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू म्हणशील याची वाट बघत होते. फार वेळ लावलास गं."

आत दुसरं गीत सुरू झालं. ती थरथरत होती. म्हणाली, "आता काहीतरी दे अंगावर घालायला. नियम म्हणून नको. मला थंडी वाजतेय."

मी पेटीमागचा कोट काढला आणि मागून धरला. तिने आधी डावा हात घातला, मग उजवा. बटणं मी लावली, पाचही. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली, ना दोन बोटं पुढे, ना मागे. खांद्यावरून हात फिरवला, सवयीने. कुठे सुरकुती नाही, कुठे घसरण नाही. डावा खांदा अर्धा इंच खाली, आणि तिच्या खांद्यावर तो तसाच बसला होता, अंगावर बेतल्यासारखा.

तिने दोन्ही हात पुढे करून बाह्या बघितल्या. "कुणाच्या मापाने शिवलास हा?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. अंदाजाने."

तिने माझ्याकडे बघितलं, आईसारखी मान कलती करून. मग गमबूट करकर वाजवत मधल्या वाटेने सरळ पहिल्या बाकापर्यंत गेली. फरशीवर ओले ठसे उमटले. सगळ्यांनी माना वळवल्या आणि आमच्या ह्यांचा सूर चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा! आईच्या उपासनेला! त्यांना आजच चुकायचं होतं? लोकांकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाला गमबुटांचा आवाज कसा कळला कोण जाणे.

मी दारातच थांबले. रडकं तोंड घेऊन पुढच्या बाकावर बसायचं नाही, असा नियम आमच्या यादीत नाही, पण मी पाळला. दोन मिनिटं. मग जाऊन तिच्या शेजारी बसले. माझ्या करड्या फ्रॉकची एक बाजू पूर्ण भिजली. साबणाचा डाग पडलाय, अजून काढलेला नाही.

उपासना संपल्यावर लोकांनी एकेक करून कोट टांगले. रंगाऱ्याने नेहमीप्रमाणे बाही सरळ केली. अकरा झाले. धाकटी पाळकसाहेबांशी बोलली, ह्यांच्याशी बोलली, दहा नंबरला म्हणाली की आवाज छान आहे. मग कोट अंगात तसाच ठेवून दाराकडे आली. परत टांगण्याचा नियम मीच घातलेला, सातवा, खुंट्यांच्या वर ठळक अक्षरांत लावलेला. तिने तो वाचला, मला दिसलं. कोटाच्या खिशात हात घातले आणि माझ्यासमोरून बाहेर पडली.

मी दारात होते. काहीच बोलले नाही.